धाकट्याची जिभेखालची गोळी

माझा धाकटा भाऊ यंत्रमागावर कामाला. अकरा वर्षं ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, ओढायचा. स्वित्झर्लंडमध्ये १९९४पासून, इतर उपचार लागू न पडलेल्यांना दवाखान्यात देखरेखीखाली औषधी हेरॉइन देतात. आपल्याकडे ते नाही, ब्युप्रेनॉर्फिन आहे, हेरॉइनची तलफ आवरणारी जिभेखालची गोळी.

पहिल्या गोळीची घाई करू नका. नशा उतरल्यावर जांभया, नाक गळणं, अंगावर काटा सुरू झाला की मगच डॉक्टर ती देतात. आधी घेतली तर तळमळ एकदम वाढते. जिभेखाली विरघळू द्या, गिळायची नाही. तोवर चहासुद्धा नाही. मी शेजारी बसून राहायचे.

गोळी मनाने बंद करू नका. खंडानंतर जुन्याच मापाने नशा केली तर श्वास थांबतो. सोलापुरात कुठे जायचं कळत नसेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ लावा.