बसमधील भेदभावाची तक्रार कशी करावी: ‘समज देण्यात आली’ या एका ओळीवर प्रकरण मिटू नये म्हणून

ठाणे आणि नवी मुंबईतील सार्वजनिक बसमध्ये अपंगत्व, जात, धर्म किंवा लिंगओळख यांमुळे अपमान सोसावा लागलेल्या प्रवाशांना तक्रारी लिहून देण्याचे काम मी गेली बारा वर्षे करीत आहे. अशा प्रवाशाला सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘व्हिडिओ काढा आणि व्हायरल करा’, आणि माझ्या अनुभवात याच सल्ल्याने सर्वाधिक प्रकरणे वाया गेली आहेत. व्हिडिओ जरूर काढावा. परंतु व्हायरल झालेल्या व्हिडिओला आवक क्रमांक, म्हणजे कार्यालयात आलेल्या कागदाचा नोंद क्रमांक, मिळत नाही, आणि आवक क्रमांक नसलेल्या गोष्टीची कार्यालयात फाईल होत नाही.

बसमधून उतरण्यापूर्वी तिकिटाचा फोटो काढावा, वाहकाच्या बिल्ल्याचा क्रमांक पाहावा आणि बसच्या पाटीवरील नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा. पुष्कळ जण केवळ मार्ग क्रमांक लक्षात ठेवतात, पण त्या मार्गावर दिवसभरात अनेक गाड्या धावतात. मशीनमधून निघालेल्या तिकिटावर विसंबून राहू नये. त्यावरील अक्षरे उष्णतेने उमटलेली असतात. पाकिटात घामाने आणि उन्हाने ती फिकी होत जातात, आणि सुनावणीच्या दिवशी हातात कोरी पांढरी पट्टी उरते. हे मी एकदा नव्हे, तीनदा पाहिले आहे.

त्यानंतर बस कोणाची होती, हे निश्चित करावे. आपल्या भागात ठाणे परिवहन सेवा, नवी मुंबईचा परिवहन उपक्रम, बेस्ट आणि एसटी या चौघांच्याही गाड्या धावतात आणि घाईत प्रवाशांची गल्लत होते. चुकीच्या दारात दिलेला अर्ज परत येण्यात महिना जातो, म्हणून तिकिटाच्या माथ्यावरील नाव वाचून घ्यावे. गाडी ठेकेदाराची असेल तर ‘तो आमचा माणूस नाही’ असे उत्तर मिळते. ते मुळीच मान्य करू नये. ज्या सेवेच्या नावाने तिकीट फाडले, तिच्या प्रमुखाच्या नावानेच अर्ज द्यावा आणि एक प्रत महापालिका आयुक्तांना पाठवावी. एसटीच्या बाबतीत ती प्रत विभाग नियंत्रकांना द्यावी.

आता अर्जाच्या मजकुराकडे येतो, कारण तक्रार उभी राहते किंवा पडते ती याच ठिकाणी. माझी पहिली तक्रार येथेच पडली.

माझी थोरली बहीण कुबड्या घेऊन चालते. ठाणे–बेलापूर रस्त्यावरील एका थांब्यावर तिच्या पुढचे सगळे प्रवासी चढले. तिने एक कुबडी आत ठेवून दांडीला हात घातला, तोच वाहकाने डबल बेल दिली. मी ओरडल्यावर गाडी थांबली, आणि ती चढल्यावर वाहक सर्वांसमोर म्हणाला, “तुमच्यासारख्यांनी रिक्षानं यायचं, आमचा टाइम जातो.” त्या रात्री मी संतापाने तीन पाने भरून तक्रार लिहिली. त्यात माणुसकीला काळिमा होता, निर्ढावलेली व्यवस्था होती, मुजोर कर्मचारी होते. सात आठवड्यांनी एका ओळीचे उत्तर आले: ‘संबंधित वाहकास प्रवाशांशी सौजन्याने वागण्याबाबत समज देण्यात आली आहे.’ प्रकरण बंद झाले. ताईने ते पत्र दोनदा वाचले, घडी घालून परत दिले आणि पुढे कित्येक महिने बसने प्रवास केला नाही.

चूक माझ्या कागदात होती. तीन पानांत मी ‘उद्धट’ हा शब्द अनेकदा वापरला होता, मात्र इतर प्रवासी चढेपर्यंत गाडी उभी होती आणि केवळ तिच्यासाठी ती उभी राहिली नाही, हे एकाही वाक्यात लिहिले नव्हते. उद्धटपणा सर्वांच्या वाट्याला येतो. भेदभाव एकाच्या वाट्याला येतो आणि शेजारच्याच्या येत नाही. हा फरक अर्जात उतरला नाही, तर तक्रार ‘वाहकाचे उद्धट वर्तन’ या नेहमीच्या सदरात टाकली जाते, आणि त्या सदरातील उत्तर आधीच ठरलेले असते.

म्हणून मी आता एका पानाचाच अर्ज लिहितो. आधी दिनांक, वेळ, थांबा आणि गाडीचा क्रमांक. मग वाहक किंवा चालक जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत, कितीही ओंगळ असले तरी. ‘अपशब्द वापरले’ असे सभ्य भाषांतर केल्यास पुरावाच पुसला जातो. त्यानंतर सर्वांत महत्त्वाचे वाक्य, म्हणजे त्याच वेळी, त्याच गाडीत इतरांना कसे वागवले गेले. पहाटेच्या गाडीने कामावर जाणाऱ्या एका सफाई कामगार मावशींनी मला सांगितले, “आसनावरून उठवलं मला.” तेवढेच लिहिले असते तर काहीच झाले नसते. खोदून विचारल्यावर त्यांना आठवले की, मागे चार आसने रिकामी होती आणि त्यांना उठवल्यानंतर त्या जागी कोणीही बसले नाही. ते वाक्य अर्जात गेले, आणि या वेळी ‘समज’ देऊन भागले नाही. मावशींना जबाबासाठी बोलावणे आले.

शेवटी कायद्याचे नाव लिहावे. दिव्यांग प्रवाशासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे. त्याचे कलम ३ भेदभावास मनाई करते आणि कलम ४१ प्रवासाच्या सुलभतेविषयी आहे. तृतीयपंथी प्रवाशासाठी तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ चे कलम ३ आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वाहनाचा वापर नाकारणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ खाली गुन्हा आहे. यांपैकी लागू पडणारे एकच लिहावे. सगळी कलमे रचणारा अर्ज गांभीर्याने वाचला जात नाही.

मागणीही नेमकी असावी. ‘कठोर कारवाई करावी’ ही मागणी नसून उद्गार आहे. मी तीन गोष्टी मागतो: चौकशी अहवालाची प्रत, त्या आगारातील चालक-वाहकांना लेखी सूचना, आणि गाडीत कॅमेरा असल्यास त्या वेळेचे चित्रण जतन करून ठेवणे. तिसरी मागणी पहिल्याच दिवशी केली पाहिजे, कारण जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढत जाते.

अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, दिनांक व आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी.

जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल, तर परिवहन कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. थेट पोलीस ठाण्यात जावे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ च्या कलम १८-अ नुसार अशा प्रकरणात गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही. दिव्यांग व्यक्तीला लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमानित करणे हाही २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९२ खाली गुन्हा असून, त्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावास आणि दंड आहे. धावत्या बसमधील घटनेत हद्दीचा प्रश्न हमखास काढला जातो, कारण विटावा सोडून दिघ्याकडे जाताना ठाणे आयुक्तालय संपते आणि नवी मुंबई सुरू होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी पोलीस ठाण्याने माहिती नोंदवून घ्यावयाची असते. हे कलम चिठ्ठीवर लिहून सोबत न्यावे आणि शांतपणे दाखवावे.

चौकशीला एकट्याने जाऊ नये. तेथे चहा येतो, वाहकाचे सहकारी येतात आणि ‘त्याच्या पोटावर पाय देऊ नका’ अशी विनवणी होते. कोणाची नोकरी जावी, अशी माझीही इच्छा नसते. तरीही तोंडी माफीवर तक्रार मागे घेऊ नये. माफी लेखी असावी, तिच्यात घडलेला प्रकार मान्य केलेला असावा आणि ती फाईलला लागलेली असावी. जबाब पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. ‘माझे समाधान झाले आहे’ हे वाक्य तेथे आधीच टंकलेले असू शकते.

महिना उलटूनही हालचाल नसेल, तर स्मरणपत्रे पाठवण्यात वेळ घालवू नये. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये शुल्क भरून द्यावा, आणि आवक क्रमांक लिहून त्या तक्रारीवरील टिपणी व चौकशी अहवालाच्या प्रती मागाव्यात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. अर्ज पोहोचल्यावर झोपलेली फाईल पुष्कळदा हलते. न हलल्यास दिव्यांग प्रवाशाला पुण्यातील राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते, आणि इतरांना मुंबईतील राज्य मानवी हक्क आयोगाकडे. आयोगाकडे जाण्याची मुदत घटनेच्या दिवसापासून एक वर्षाची आहे. परिवहन सेवेच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेले महिनेही त्याच वर्षात मोजले जातात, म्हणून पोहोच मिळाल्या दिवशीच ही मुदत संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.