या चुका टाळा: लेसर प्लाझ्मा जेट आणि किनाऱ्यावरची दमट हवा

हवा काढून घेतलेल्या पेटीत (चेंबरमध्ये) ठेवलेल्या टार्गेटवर लेसरचा एक स्पंद, म्हणजे शॉट, मारला की त्याचा पृष्ठभाग तापून प्लाझ्मा (विद्युतभारित तप्त वायू) उडतो. टार्गेटवरून निघालेला हा झोत कॅमेऱ्यात लांब आणि बारीक दिसला की त्याला ‘जेट’ म्हणायची घाई होते. तसा झोत टार्गेटमधल्या खड्ड्यामुळेही मिळतो आणि कॅमेऱ्याचं टायमिंग चुकल्यानेही.

आधी खड्डा बघा. एकाच जागी शॉट मारत राहिलं की तिथे खळगा पडतो, त्याच्या उतरत्या भिंतींवरचा प्लाझ्मा मध्यरेषेवर एकत्र येतो आणि झोत निमुळता होतो. अमेरिकेतल्या नोव्हा लेसरवर सोन्याचं शंकूच्या आकाराचं टार्गेट वापरून हेच मुद्दाम केलं होतं. ते निष्कर्ष 1999 मध्ये आले. आपल्याकडे ते नकळत घडतं. नव्या जागेवरचा पहिला शॉट आणि तिथलाच विसावा शॉट शेजारीशेजारी ठेवा. आकार बदलला असेल तर तो जेट खड्ड्याने घडवलेला आहे. टार्गेट फिरतं ठेवा, नाहीतर दर शॉटला जागा सरकवा.

तीव्रतेचा हिशोब कॅटलॉगवरून करू नका. 100 मिलिज्यूल, 8 नॅनोसेकंद आणि 100 मायक्रॉन व्यासाचा स्पॉट (टार्गेटवर पडणारा लेसरचा ठिपका) म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1.6 × 10¹¹ वॅट. स्पॉट प्रत्यक्षात 200 मायक्रॉनचा निघाला तर उरतो फक्त चौथा हिस्सा. ऊर्जा चेंबरच्या खिडकीच्या (लेसर आत जातो त्या काचेच्या) आतल्या बाजूला मोजा, कारण टार्गेटचा धातू उडून खिडकीवर बसतो आणि शॉटगणिक ऊर्जा घटत जाते.

टायमिंगचंही तसंच. प्लूमचं (पसरणाऱ्या प्लाझ्माच्या लोटाचं) टोक सेकंदाला 10 किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असेल, तर 100 नॅनोसेकंदांच्या गेटमध्ये (कॅमेरा प्रकाश टिपतो तेवढ्या वेळात) ते एक मिलिमीटर पुढे जातं आणि चित्र लांबट होतं. गेट 10 नॅनोसेकंदांवर आणा. सिग्नल नेणारी कोएक्स केबल मीटरमागे साधारण 5 नॅनोसेकंद खाते, म्हणून 3 मीटरची काढून 10 मीटरची लावली की शून्यवेळ (लेसर टार्गेटवर पडला तो क्षण) 35 नॅनोसेकंदांनी सरकली. शून्यवेळ फ्लॅशलॅम्पच्या (लेसरला ऊर्जा देणाऱ्या दिव्याच्या) ट्रिगरवरून धरू नका, जलद फोटोडायोडवर (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर) पडणाऱ्या लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून धरा.

आता कोकणातली खरी डोकेदुखी. स्पेक्ट्रममध्ये (प्लाझ्माच्या प्रकाशाच्या तरंगलांबीनुसार केलेल्या नोंदीत) 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या जोडरेषा ठळक दिसल्या म्हणजे टार्गेटमध्ये सोडियम आहेच असं नाही. तो बहुतेक वेळा समुद्राच्या हवेतून बसलेला किंवा बोटांचा घाम असतो. हातमोजे घाला, टार्गेट आधी अॅसिटोनने, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि कमी ऊर्जेचे पाच-दहा सफाई शॉट मारा. रेषा शॉटगणिक मंदावत गेली तर मीठ पृष्ठभागावरचं होतं; कायम राहिली तर ते पदार्थातच आहे. उघड्या हवेत प्रयोग करत असाल तर आणखी एक भानगड: हवेतल्या मिठाच्या कणांमुळे टार्गेटच्या पुढेच ठिणगी पडते. फोकस पृष्ठभागाच्या किंचित आत न्या.

656.3 नॅनोमीटरवर हायड्रोजनची रेषा दिसली तर पाण्यावर संशय घ्या. जुलैत किनाऱ्यावरच्या हवेचा दवबिंदू (बाष्पाचं दव होऊ लागतं ते तापमान) 25 अंशांपर्यंत असतो, म्हणजे बाष्पाचा दाब 32 मिलिबार. चेंबर अशा हवेने उघडलं की भिंतींवर पाणी चिकटतं आणि पंप तासन्‌तास चालवूनही दाब खाली जात नाही. चेंबर कोरड्या नायट्रोजनने भरून मगच उघडा, काम आटोपून लगेच बंद करा. हवा ओढणाऱ्या रोटरी पंपाचं तेल ताकासारखं पांढरं झालं असेल तर गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारी झडप) उघडून पंप अर्धा तास चालवा; तरीही निवळलं नाही तर तेल बदला.

एसी बंद करून खिडक्या उघडायच्या असतील तर आधी ऑप्टिक्स झाका, नाहीतर गार आरशांवर दव धरतं. चिलरचं (लेसर थंड ठेवणाऱ्या यंत्राचं) पाणी खोलीच्या दवबिंदूखाली ठेवू नका: 24 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेला तो 13 असतो, पण एसी बंद पडला की झपाट्याने वर जातो. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी येते, म्हणून जास्तीच्या लेन्स निळ्या सिलिका जेलसोबत डब्यात ठेवा आणि जेल गुलाबी झालं की भाजून घ्या.

जांभ्याचा तुकडा टार्गेट म्हणून थेट चेंबरमध्ये टाकायचा मोह आवरा. त्याच्या छिद्रांतलं पाणी व्हॅक्यूम बिघडवतं. आधी 105 अंशांवर काही तास वाळवा, पूड करा, गोळी दाबा. आणि 532 नॅनोमीटरच्या लेसरसाठी घेतलेला संरक्षक चश्मा 1064 नॅनोमीटरला चालतो असं समजू नका; त्याच्या फ्रेमवर छापलेली तरंगलांबी वाचूनच डोळ्यांवर चढवा.