नाशिकरोड कारागृहातील कच्च्या कैद्यासाठी कलम ४७९ चा अर्ज

आपला माणूस नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात खटला संपण्याची वाट पाहत असेल, तर प्रथम त्याची अटकेची तारीख आणि आरोपातील कमाल शिक्षा कागदावर मांडावी. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ, तर इतरांनी निम्मा काळ कोठडीत काढल्यास ते सुटकेस पात्र ठरतात. मात्र फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांत, तसेच एकाहून अधिक खटले प्रलंबित असल्यास ही तरतूद लागू होत नाही.

न्यायालयाकडे लेखी अर्ज करणे हे कारागृह अधीक्षकांचे कर्तव्य आहे, म्हणून त्यांना पत्र देऊन पोच घ्यावी. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर दूरध्वनी करावा. मोफत वकील मिळण्यासाठी कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही, हे कुटुंबांना कोणी सांगत नाही, याची खंत वाटते.

आरोपीमुळे झालेला विलंब या काळातून वजा होतो आणि सरकारी अभियोक्ता नेमका तोच मुद्दा मांडू शकतात. त्यामुळे विलंब कोणामुळे झाला हे दाखवणाऱ्या रोजनाम्याची, म्हणजे न्यायालयातील प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीची, प्रमाणित नक्कल सुनावणीपूर्वीच वकिलाकडे द्यावी.