आधी गल्ला, मग वही: स्वतःच्या निर्मितीचा वार्षिक ताळेबंद कसा मांडावा

माझ्या आजोबांचे किराणा मालाचे दुकान होते. रात्री दुकानाच्या फळ्या लावून झाल्या की ते गल्ल्यातली रोकड पाटावर ओतून मोजत, आलेला आकडा खडूने पाटीवर लिहीत आणि त्यानंतरच रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, उघडून शिल्लक काढीत. हा क्रम त्यांनी कधीही उलटा होऊ दिला नाही, कारण कीर्दीतली शिल्लक आधी डोळ्यांखालून गेली की मोजणारा हात आपोआप त्याच आकड्यापाशी येऊन थांबतो, असा त्यांचा अनुभव होता. वर्षभरात आपण काय लिहिले, काय रंगवले, काय शिकलो याचा आढावा घेताना आपण नेमके याच्या उलट करतो. वर्षारंभी केलेल्या संकल्पांचा कागद आधी काढतो, त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करतो आणि दहा मिनिटांत खट्टू होऊन उठतो. या लेखात सांगितलेल्या पद्धतीत तो कागद सर्वांत शेवटी उघडायचा आहे.

आढावा केव्हा घ्यावा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. डिसेंबरच्या अखेरीस तो घेण्याची रीत आता रुळली आहे आणि त्यात गैर काही नाही. तथापि, मराठीत लिहिणाऱ्याचे वर्ष खऱ्या अर्थाने दिवाळीलाच संपते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे लेखनाची, चित्रांची आणि संपादनाची सारी धावपळ दिवाळीच्या मुहूर्ताभोवती फिरत आली आहे. व्यापारी लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करतात आणि पाडव्याला नवी वही सुरू करतात. मीही माझा हिशेब पाडवा ते पाडवा असाच ठेवतो. फक्त एक गोष्ट ध्यानात असू द्यावी, की हे वर्ष सारख्या लांबीचे नसते. २ नोव्हेंबर २०२४ च्या पाडव्यापासून २१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ३५४ दिवस भरतात, तर त्यापुढच्या वर्षात अधिक ज्येष्ठ येत असल्यामुळे ९ नोव्हेंबर २०२६ पर्यंत ३८४ दिवस मिळतात. दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करणाऱ्याने हा एका महिन्याचा फरक विसरू नये, नाहीतर अधिक महिन्याचे पुण्य तो स्वतःच्या शिस्तीच्या खात्यावर जमा करून बसेल.

रोजकीर्द: मागाहून लिहिलेली, पण पुराव्यावरून

पहिले काम म्हणजे वर्षभरात प्रत्यक्ष जे घडले त्याची तारीखवार नोंद तयार करणे. आपल्यापैकी फारच थोडे लोक ती रोजच्या रोज ठेवतात (जानेवारीत विकत घेतलेल्या डायऱ्या मकरसंक्रांतीनंतर बहुधा कोऱ्याच राहतात, हे मी माझ्या कपाटाकडे पाहूनच लिहीत आहे). म्हणून ती मागाहून लिहावी लागते. मात्र आठवणीवर विसंबून एकही ओळ लिहू नये. वह्या, सुटे कागद, चित्रांची फाइल, फोनमधले फोटो, ईमेलच्या ‘पाठवलेले’ विभागातील पत्रे, स्वतःलाच केलेले व्हॉट्सॲप संदेश आणि कागद-रंगांच्या खरेदीच्या पावत्या एवढे सामान जमिनीवर पसरून बसावे. यासाठी सुट्टीची एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी, कारण हे काम तुकड्यातुकड्याने होत नाही.

तारखांची खातरजमा करताना थोडी सावधगिरी लागते. संगणकावरची फाइल दुसरीकडे नक्कल केली की ती तयार झाल्याची तारीख बदललेली दिसू शकते, त्यामुळे शेवटच्या बदलाची तारीख पाहणे अधिक भरवशाचे असते. गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर व्हर्जन हिस्टरी उघडून पाहावी, कारण कोणत्या दिवशी किती मजकूर वाढला आणि कोणत्या दिवशी आपण नुसताच स्वल्पविराम हलवत बसलो होतो, हे तिथे स्पष्ट दिसते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावात जी तारीख असते ती फोटो आल्याची असते, चित्र काढल्याची नव्हे.

नोंद अगदी कोरडी असावी. माझ्या कीर्दीतल्या दोन ओळी नमुन्यादाखल देतो: ‘१२ जानेवारी, रविवार. जलरंग, नदीकाठचा पिंपळ, पाव ताव. पूर्ण.’ आणि ‘६ जुलै, रविवार. आषाढी. नवी कथा सुरू, दोन पाने. अपूर्ण.’ त्यात ‘छान जमले’ किंवा ‘कंटाळा केला’ असे शेरे नाहीत. वेळ ठाऊक नसेल तर ती जागा रिकामी सोडावी, अंदाजे भरू नये. अशा १२७ ओळी जमल्यावर मला पहिला धक्का बसला तो असा, की वर्षभरात पाच-सहाच चित्रे झाली असतील असे मी धरून चाललो होतो आणि प्रत्यक्षात ती १९ निघाली. उलट, तीन कथा पूर्ण झाल्या असे मी लोकांना सांगत होतो, त्या दोनच होत्या.

खतावणी

कीर्द झाली की तिच्यातल्या नोंदी खात्यांत उतरवायच्या. प्रत्येक कलेला, किंवा एकाच कलेतल्या निरनिराळ्या प्रकारांना, एकेक स्वतंत्र पान द्यावे. देशी नामे पद्धतीत, म्हणजे हिशेब ठेवण्याच्या आपल्या जुन्या रीतीत, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असते. तीच मांडणी इथे ठेवावी, म्हणजे डावीकडे जे हाती आले ते आणि उजवीकडे त्यासाठी जे गेले ते: दिवस, संध्याकाळी, कागद, पैसे. एक पान मात्र ‘किरकोळ’ या नावाचे हवेच, कारण कोणत्याही संकल्पात नसलेली कामे तिथे उतरतात आणि पुष्कळदा तेच पान सर्वांत भरगच्च निघते. माझ्या किरकोळ खात्यात गणेशोत्सवासाठी लिहून दिलेली एक एकांकिका निघाली. २८ जुलै ते २४ ऑगस्ट या काळातल्या २१ संध्याकाळी तिच्या नावे पडल्या होत्या. वर्षभरात इतक्या सलगपणे मी दुसरे काहीच लिहिलेले नव्हते आणि तरीही ‘यंदा काही झाले नाही’ या माझ्या तक्रारीत तिचा उल्लेखसुद्धा नसे.

खतावणीचा खरा उपयोग बेरजेसाठी नाही. एकेका खात्यातल्या तारखा ओळीने पाहिल्या की कामाचा ऋतू दिसू लागतो, आणि इथे घाई करू नये. माझ्या १९ चित्रांपैकी १४ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, चार मार्च ते मे महिन्यांत आणि अवघे एक पावसाळ्यात झाले होते. पावसाळ्यातल्या त्या रिकाम्या जागेला मी गेली कित्येक वर्षे आळस म्हणत आलो. प्रत्यक्षात कारण हवेत होते. मी चिपळूणला राहतो, आणि जुलैत इथली हवा इतकी दमट असते की ३०० ग्रॅमच्या जाड कागदावर दिलेला पहिला हातही तासभर ओला राहतो. दुसरा हात घाईने दिला की खालचा रंग उठून वर येतो, कडा फुटतात आणि ताव फुकट जातो. चित्र सोडून देणारा माणूस तेव्हा आळस करीत नसतो, तर कागद वाचवत असतो. याच्या शेजारी कथांचे पान ठेवले तेव्हा दिसले, की सुरू केलेल्या ११ कथांपैकी ६ जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत सुरू झाल्या होत्या. ज्या संध्याकाळी रंगाची पेटी उघडत नव्हती, त्याच संध्याकाळी वही उघडत होती. ‘दर आठवड्याला एक चित्र’ हा संकल्प ज्याने केला तो इसम हिवाळ्यात बसून पावसाळ्याची बेगमी करायला विसरला होता, एवढाच त्याचा दोष.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे काम नेमके कुठे थांबते. अपूर्ण कामांची नुसती संख्या मोजून हाती काही लागत नाही. प्रत्येक अपूर्ण कामाचे शेवटचे पान उघडून ते कितव्या पानावर आणि कोणत्या प्रसंगाशी अडले, ते लिहून काढावे. माझ्या ९ अपूर्ण कथांपैकी ७ चौथ्या ते सहाव्या पानाच्या दरम्यान थांबलेल्या होत्या, आणि त्या सातही ठिकाणी कथेतले दुसरे माणूस पहिल्यांदा तोंड उघडणार होते. मला निवेदन येते आणि संवाद लिहायला भीती वाटते, ही गोष्ट कोणाही समीक्षकापेक्षा या एका पानाने मला अधिक स्पष्टपणे सांगितली. ज्या वर्षी मी २१ संध्याकाळी एक अख्खी एकांकिका, म्हणजे निव्वळ संवाद, लिहून दिली त्याच वर्षी हे घडले, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

हे करताना हातात पेन्सिल घेऊ नये. जुने पान दिसले की एखादा शब्द बदलावासा वाटतो आणि बघता बघता आढावा बाजूला राहून दुरुस्ती सुरू होते. गुणवत्तेचा अंदाज घ्यायचाच असेल तर सगळे काम वाचत बसण्याऐवजी वर्षातले पहिले आणि शेवटचे काम शेजारी ठेवून, त्यांतला एकच फरक एका वाक्यात लिहावा.

आता संकल्पांचा कागद

मोजणी संपल्यावर तो कागद उघडावा आणि प्रत्येक ओळ आधी भाषेच्या अंगाने तपासावी. माझ्या कागदावर चार ओळी होत्या: सहा कथा पूर्ण करणे, दर आठवड्याला एक जलरंगचित्र काढणे, एका दिवाळी अंकात कथा छापून येणे आणि मोडी लिपी शिकणे. यातली तिसरी ओळ वाचताना चटकन ध्यानात येते, की तिच्यातली क्रिया माझ्या हातची नाही. कथा लिहिणे आणि पाठवणे माझ्याकडे आहे, पण छापणे संपादकाकडे. अशी ओळ सापडली की तिचे दोन भाग करावेत आणि आपल्या भागाचा हिशेब वेगळा काढावा. मी तसे केले तेव्हा जे दिसले ते फारसे सुखाचे नव्हते. जी कथा २३ फेब्रुवारीला पूर्ण झाली होती ती मी २६ ऑगस्टला पाठवली होती. अंकाची जुळवाजुळव सुरू होण्यापूर्वीच साहित्य हाती यावे अशी दिवाळी अंकांच्या संपादकांची अपेक्षा असते आणि साहित्य पाठवण्याची मुदत बहुधा आषाढाच्या आसपास संपते. अंकाचा मजकूर केव्हाच पुरा झाला असल्याचे सौजन्याचे उत्तर आले आणि कथा साभार परत आली. दोन महिने मी ती कथेची हार समजत होतो. ती हार टपालाची होती, आणि टपाल मीच सहा महिने दाबून ठेवले होते.

चौथी ओळ वेगळ्या जातीची आहे. मोडीच्या खात्यात वर्षभरात एकच नोंद होती, ती म्हणजे पुस्तक विकत घेतल्याची. आजोबांच्या जुन्या चोपड्या वाचता याव्यात ही इच्छा खरी आहे, पण सलग तिसऱ्या वर्षी ती तशीच पुढे ओढली जात होती. व्यापारी जे येणे वसूल होणार नाही ते कधीतरी बुडीत खात्यात टाकतो, आणि आपल्यालाही तशी सोय असावी. बुडीत टाकताना तारीख आणि एका ओळीचे कारण लिहावे. ‘नंतर पाहू’ असे लिहू नये. नव्या वर्षात ते काम पुन्हा सुरू झालेच तर ते आपसूक जमेत येईल, त्यासाठी वर्षभर कपाळावर कर्ज मिरवण्याची गरज नाही. मोडीसोबत मी सहा अपूर्ण कथाही बुडीत टाकल्या आणि ज्यांतल्या माणसांनी काय बोलावे याचा मला अंधुकसा अंदाज होता, अशा तीनच ठेवल्या.

हा ताळेबंद कोणाला दाखवावा का, असे विचारले जाते. माझ्या मते एकाच माणसाला, आणि तोही त्याच कलेत काम करणारा असावा. घरच्यांना आकडे दाखवले की ते कौतुक करतात आणि कौतुकाने ताळा जमत नाही.

शेवटचे काम म्हणजे नव्या वर्षाची आरंभीची शिल्लक लिहिणे. नवे संकल्प इथे करायचे नाहीत, ते करण्याची हौस असेल तर आठवडाभर थांबावे. फक्त हातात काय आहे ते नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवावे. २२ ऑक्टोबरच्या पाडव्याला दुपारी मी लिहिलेले पान असे आहे: ‘आरंभीची शिल्लक. पूर्ण कथा २, पैकी साभार परत १, ज्येष्ठाच्या आत पाठवणे. चालू कथा ३, तिन्ही संवादापाशी अडलेल्या. एकांकिका १, टंकलेखन बाकी. जलरंगाचा कोरा कागद १४ ताव, मे अखेरपर्यंत वापरणे. मोडी: बुडीत.’