नारळ मिळाल्यावर फ्रीलान्स माध्यमकाम : करायचं का, आणि करायचं तर कसं

आमच्या धंद्यात एचआरचा फोन दुपारी येतो, पानं लागायच्या आधी. मला आला तेव्हा मी पुरवणीच्या दुसऱ्या पानावरचा मथळा एका अक्षराने कमी करायच्या खटपटीत होते. वीस मिनिटांनी जागेवर परत आले तर लॉगिन बंद झालेलं. मथळा नंतर कुणीतरी बसवला असेल.

पुढचा आठवडाभर फोन करणारा प्रत्येक जण एकच सांगत होता, ‘‘आता फ्रीलान्स कर की! तुला काय कमी आहे?’’ सांगणारे सगळे पगारदार होते. फ्रीलान्स वाईट नाही, मी आजही तेच करते. पण नोकरी गेली म्हणून माणूस त्यात घसरत जातो आणि सहा महिन्यांनी त्याला कळतं, की आपण पूर्वीपेक्षा जास्त राबतोय आणि निम्मे पैसे मिळवतोय. त्यामुळे आधी कागद-पेन घ्या. व्हिजिटिंग कार्ड नंतर छापा.

१. त्या खोलीत सही करू नका

कपातीच्या बैठकीत बहुतेकदा एक छापील कागद पुढे येतो. ‘स्वतःहून राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगलं देऊ.’ डोकं बधिर झालेलं असतं आणि माणूस सही करून मोकळा होतो. मीही केली. एक दिवस मागून घ्यायला हवा होता. ‘‘घरी वाचून उद्या सांगते’’ म्हटल्याने काही बिघडत नाही.

राजीनामा आणि कपात यांत पैशांचा फरक आहे. कायद्याने श्रमिक पत्रकार, म्हणजे पगारावर काम करणारे बातमीदार, उपसंपादक वगैरे, ‘कामगार’ या व्याख्येत येतात. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात केली, तर पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. राजीनामा दिला की त्यावर पाणी सोडावं लागतं. व्यवस्थापकीय पदावर असाल किंवा मुदतीच्या करारावर असाल तर गणित वेगळं होतं. अशा वेळी करार घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे एक तास बसा, त्याची फी वसूल होते.

ग्रॅच्युइटी, म्हणजे केलेल्या सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, मात्र राजीनामा दिला तरी मिळते. इतर कायम नोकरदारांना सलग पाच वर्षांची अट आहे, श्रमिक पत्रकाराला तीन वर्षांची. ढोबळ हिशेब सोपा आहे. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळवा, १५ ने गुणा, २६ ने भागा, आलेल्या आकड्याला नोकरीच्या वर्षांनी गुणा. २२ हजार आणि ११ वर्षं असतील तर साधारण १ लाख ३९ हजार ६०० रुपये येतात. हा आकडा घरीच काढून ठेवा, म्हणजे फुल अँड फायनलच्या, म्हणजे कंपनीच्या शेवटच्या हिशेबाच्या, कागदाशी तो ताडून बघता येईल.

सोबत रिलीव्हिंग लेटर, पगारातून कापलेल्या कराचं प्रमाणपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि पीएफ खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख चढल्याची खात्री, एवढं घ्याच. बायलाइनची, म्हणजे स्वतःच्या नावाने छापून आलेल्या मजकुराची, कात्रणं त्याच आठवड्यात पीडीएफ करून ठेवा. वेबसाइटचं रूप पालटलं की जुन्या लिंका मरतात. माझ्या तीन वर्षांच्या मुलाखती अशाच गेल्या.

२. किती महिने तग धराल?

भरपाई, ग्रॅच्युइटी आणि बँकेतली शिल्लक यांची बेरीज करा आणि तिला घराच्या महिन्याच्या खर्चाने भागा. सहाच्या खाली उत्तर आलं तर माझं मत स्पष्ट आहे : आधी नोकरी शोधा, फ्रीलान्स बाजूने करा. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या कामाचे पैसे चौथ्या-पाचव्या महिन्यात येतात. तोवर घर चालवायचंय.

पीएफ लगेच काढू नका. एकूण सेवा पाच वर्षांहून कमी असताना काढलेल्या रकमेवर कर लागतो, शिवाय पुन्हा तेवढी गंगाजळी जमायला किती वर्षं लागतील याचा विचार करा.

आरोग्य विम्याचं मात्र आजच बघा. ऑफिसची गट पॉलिसी सहसा शेवटच्या दिवसापर्यंतच चालते. ती सुरू असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज केला, तर आधीच्या आजारांसाठीच्या प्रतीक्षाकाळात (तेवढा काळ त्या आजारांचा खर्च विमा देत नाही) मागची वर्षं धरली जातात. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हा अर्ज नव्या लॅपटॉपच्या आधी. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा.

३. ‘मी पत्रकार आहे’ हे कुणी विकत घेत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नोकरीत आपण एकाच पगारात दहा कामं करत होतो. ती आता सुटी करायची आहेत. डेस्कवरच्या माणसाला भाषांतर येतं, संपादन येतं, प्रुफं येतात, कुणाचंही पाल्हाळ चारशे शब्दांत बसवता येतं. वाहिनीवरच्याला स्क्रिप्ट, व्हॉइसओव्हर, कॅमेरा, एडिटिंग येतं. वार्ताहराला माहिती काढता येते, माणसं बोलती करता येतात, आणि बाहेरगावच्या डॉक्युमेंटरीवाल्यांना जिल्ह्यात फिरवता येतं. हे शेवटचं काम आपण वर्षानुवर्षं मैत्रीखात्यात केलंय.

मग या कामांना गिऱ्हाईक कोण, ते बघा. नवखा फ्रीलान्सर सगळे मेल वर्तमानपत्रांना आणि पोर्टलांना करतो, म्हणजे ज्यांनी नुकतीच माणसं कमी केलीत त्यांनाच. बाजार त्याच्या बाहेरही आहे. सहकारी बँका, पतसंस्था आणि साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल मराठीत निघतात. शिक्षणसंस्थांच्या अमृतमहोत्सवी स्मरणिका असतात. स्वयंसेवी संस्थांना देणगीदारांसाठी अहवाल लागतात. वेबमालिकांची उपशीर्षकं, ऑडिओबुकचं वाचन, पॉडकास्टचं स्क्रिप्ट, डबिंगचे संवाद आहेत. आकाशवाणीची केंद्रं नैमित्तिक निवेदक घेतात, त्यासाठी आवाजाची चाचणी द्यावी लागते.

माझं पहिलं बरं काम एका वित्तसंस्थेच्या माहितीपत्रकाचं होतं. ‘‘मशीनने भाषांतर झालंय, तुम्ही फक्त एक नजर टाका,’’ असं सांगून दर निम्मा केला होता. उघडून बघते तर पहिल्याच पानावर ‘मुदत ठेवीवर आकर्षक स्वारस्य दर’, म्हणजे व्याजदर! पुढे ‘प्रौढ रक्कम’ नावाची चीज होती, म्हणजे मुदत संपल्यावर मिळणारी रक्कम. बारा पानं दुरुस्त करायला मुळातून भाषांतर करण्यापेक्षा जास्त वेळ गेला. तेव्हापासून ‘एक नजर’ हा शब्द ऐकला की मी आधी दोन पानं मागवते, मग तासाचा दर सांगते. या कामाला आता मागणी आहे आणि ती वाढतेय, तेव्हा ते नाकारू नका. शब्दामागे दर लावून मात्र घेऊ नका.

एक पथ्य पाळा. ज्यांच्या बातम्या लिहिता त्यांचं प्रसिद्धीचं काम घेऊ नका. छोट्या गावात हे अवघड जातं, पण बायलाइन एकदा विकली गेली की परत येत नाही.

४. दिवसाचा दर काढा

समजा, घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ४२ हजार लागतात. आरोग्य विमा अडीच हजार. पूर्वी पीएफमध्ये जायचे तसे स्वतः बाजूला टाकायचे ५ हजार. इंटरनेट, वीज, सॉफ्टवेअर, फिरणं साडेतीन हजार. एकूण ५३ हजार, आणि कर यात धरलेलाच नाही.

आता दिवस मोजा. महिन्यात २२ कामाचे दिवस. त्यातले पाच काम शोधण्यात जातात, दोन बिलं आणि तगाद्यात, तीन ‘थोडा बदल करून द्या’मध्ये किंवा नुसते रिकामे. पैसे देणारे उरतात १२. त्रेपन्न हजाराला बाराने भागलं की ४,४०० च्या पुढे जातं. हा तुमचा दिवसाचा दर, आणि तोही जेमतेम घर चालण्यापुरता.

हा आकडा भिंतीवर लावा आणि आलेलं प्रत्येक काम त्याला घासून बघा. अडीच हजार मानधनाचा बाराशे शब्दांचा लेख असेल, एक दिवस फोनाफोनीत आणि एक लिहिण्यात जाणार असेल, तर दिवसाला साडेबाराशे पडले. असा लेख कधीच घ्यायचा नाही असं नाही. आवडीचा विषय असेल, नाव पुढे राहणार असेल तर महिन्यात एखादा घ्या. पण तो हौसेच्या खात्यात लिहा. कामाच्या खात्यात असे लेख चढायला लागले की बुडालात.

५. काम मागताना

‘काही असेल तर सांगा’ हा मेसेज पाठवू नका. लोक ‘नक्की’ म्हणतात आणि विसरतात. त्याऐवजी त्यांचा मागच्या वर्षीचा अहवाल मिळवा, एक पान नीट करून पाठवा, खाली दर आणि लागणारे दिवस लिहा. एक पान फुकट, दुसरं नाही. पहिल्या महिन्यात असे दहा जण गाठा. माझ्या दहांतले दोघे आले, त्यातला एक अजून आहे.

६. लेखी घ्या, आणि हक्क विचारा

करारनामा मिळाला तर उत्तम, नाहीतर काम सुरू करण्याआधी तुम्हीच एक मेल टाका. काम काय, शब्द किंवा मिनिटं किती, रक्कम किती, किती वेळा दुरुस्ती करून देणार, पैसे कधी. शेवटी ‘हे मान्य असल्याचं कळवावं’. समोरच्याचं ‘ओके’ आलं की पुरतं. फोनवरच्या ‘‘तुमचं-आमचं काय ते बघू हो’’वर मी एकदा ४० पानांची स्मरणिका केली होती. अजून बघणं चालू आहे.

कॉपीराइटचं आमच्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं. नोकरीत नसताना लिहिलेल्या लेखाचे पहिले मालक तुम्ही असता. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. छायाचित्रकारांनी जास्त सावध राहावं. पैसे देऊन कुणी सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, तो सांगणारा असतो. फिल्मचंही तसंच. तेव्हा फोटो पुन्हा वापरायचे असतील तर ते आधीच मेलमध्ये लिहा.

७. बिल, कर आणि तगादा

काम दिलं त्याच दिवशी बिल द्या. त्यावर अनुक्रमांक, पॅन, बँकेचा तपशील आणि देय तारीख हवी. एकाच गिऱ्हाइकाकडून वर्षाला ५० हजारांच्या वर व्यावसायिक फी झाली की तो १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापतो. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे आयकराच्या पोर्टलवर तपासत जा. कापून घेऊन भरायला विसरणारे असतात.

वर्षाचा कर १० हजारांच्या पुढे जाणार असेल तर तो आगाऊ भरावा लागतो : जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला. अर्धं उत्पन्न नफा धरून कर भरायची सोपी पद्धत आहे, पण ती ठरावीक व्यवसायांनाच. चित्रपटाशी संबंधित संकलक, कॅमेरामन, संवादलेखक त्या यादीत आहेत, पत्रकाराचं नाव थेट नाही. तेव्हा मित्राने केलं म्हणून करू नका, सीएला विचारा. महाराष्ट्रात स्वतःच्या नावाने व्यवसाय कर वर्षाला अडीच हजार. जीएसटी नोंदणी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही.

आता वसुली. सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर फुकटात सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी होते, पहिल्याच आठवड्यात करून टाका. नोंदणी असलेल्याचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेत असं २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा सांगतो, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. त्याची तक्रार सरकारकडे ऑनलाइन करता येते. मला अजून करावी लागलेली नाही. ‘‘मॅडम, फाईल साहेबांच्या सहीला आहे’’ हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी बिलाच्या तळाला उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ घातली. साहेब त्या आठवड्यात सापडले.

८. वर्षाचं पंचांग, आणि सहाव्या महिन्याची वही

फ्रीलान्सला हंगाम असतात. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायच्या असतात, म्हणून अहवालांची कामं जून ते ऑगस्टमध्ये. दिवाळी अंकांची जुळवाजुळवही त्याच सुमाराला, मानधन दिवाळीनंतर कधीतरी. डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं आणि स्मरणिका. एप्रिल-मे सामसूम. त्या दोन महिन्यांचे पैसे आधीच बाजूला काढावे लागतात, हे मला पहिल्या मे महिन्यात कळलं.

एका वहीत रोज दोनच गोष्टी लिहा : आज कोणत्या कामाला किती तास दिले, आणि आज खात्यात किती आले. ‘येणार आहेत’ ते पैसे लिहायचे नाहीत. सहा महिने झाले की शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी काढा. ती ५३ हजारांच्या (किंवा तुमच्या आकड्याच्या) तीन चतुर्थांशाच्या वर असेल आणि एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त येत नसेल तर पुढचे सहा महिने द्या. खाली असेल तर नोकरीचे अर्ज सुरू करा, जुळलेली दोन कामं रविवारी चालू ठेवून. माझी पहिली सरासरी ३१ हजार आली होती. मी आठ महिने एका संस्थेत संपर्क अधिकाऱ्याची नोकरी केली, वही तशीच भरत राहिले, आणि रविवारच्या कामाचा आकडा पगाराला भिडला त्या महिन्यात नोटीस दिली. राजीनामा या वेळी मी घरी बसून, दोनदा वाचून लिहिला.