सॅवेजची बॅरल घरी बदलताना हेडस्पेस कुठे फसते

अमेरिकेत ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्या, घरीच सॅवेज रायफलची बॅरल (नळी) बदलणाऱ्यांसाठी हे लिहितोय. हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टचं (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता दांडा) तोंड आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, ते जिथे अडतं ती जागा, यांच्यातलं अंतर. एच-१बीवर असाल तर आधी संघीय कायदा वाचा. शिकारीच्या वैध परवान्यासारखे अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक बाळगणंच गुन्हा आहे. भारतात तर १९५९च्या शस्त्र कायद्याने बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. तेव्हा सुट्टीत गावी जाऊन काकांच्या बंदुकीवर हे ज्ञान पाजळू नका.

सॅवेज ११० या रायफलला बॅरल नट (बॅरल जागेवर आवळून धरणारा नट) असतो, म्हणूनच हे काम लेथशिवाय जमतं. नट सैल करा, जुनी बॅरल काढा, नवी फिरवा, गो गेजला टेकवा, नट आवळा. गेज म्हणजे काडतुसाच्या आकाराचा अचूक मापाचा स्टीलचा तुकडा; गो कमीत कमी मापाचा, नो-गो त्याहून जरा लांब. गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर होता कामा नये. एवढं तुम्हाला माहीत असणारच. पण आकडे पाहिलेत का? .३०८ विंचेस्टर काडतुसाचं गो गेज १.६३० इंच आणि नो-गो १.६३४. फरक फक्त ४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). सॅवेजच्या नेहमीच्या बॅरलला इंचात २० आटे असतात, म्हणजे पूर्ण एक फेरा ५० थाऊंचा. घड्याळाचा काटा पाच मिनिटांत सरकतो तेवढी बॅरल फिरली की गोवरून थेट नो-गोवर.

आता मी जिथे अडकलो ते. बोल्टच्या तोंडात इजेक्टरची, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी, स्प्रिंगवर बसलेली खुंटी असते. ती तशीच ठेवून गेज घातलं की ती गेजला पुढे ढकलते, तेही एकाच बाजूने. गेज बोल्टच्या तोंडाला सपाट टेकतच नाही. मागे फट राहते, गेज किंचित तिरकं होतं. तुम्ही हलक्या हाताने बॅरल आत फिरवता, ती गेजला लागते, हाताला 'टेकली' असं वाटतं, आणि नट आवळून तुम्ही मोकळे होता. प्रत्यक्षात ती मागची फट हेडस्पेसमध्ये जमा झालेली असते. माझा बोल्ट नंतर नो-गोवर लोण्यासारखा बंद होत होता आणि मी नव्या बॅरलच्या चेंबरला दोष देत बसलो होतो. दोष चेंबरचा नव्हता, त्या खुंटीचा होता.

म्हणून बोल्ट पूर्ण उघडा. फायरिंग पिन बाहेर, इजेक्टर बाहेर, एक्स्ट्रॅक्टरही (पुंगळी ओढून काढणारा आकडा) बाहेर. एक्स्ट्रॅक्टरखाली बारीक स्टीलची गोळी असते, ती उडते. सगळं एका पारदर्शक पिशवीत हात घालून करा. मग बोल्टचं तोंड आणि चेंबर कोरडं पुसा. पितळेचा एक कीस एवढासाच असतो, पण इथे एका थाऊलाही किंमत आहे.

दुसरी गोष्ट नटाची. नट आवळताना आट्यांमधली ढील निघते आणि बॅरल पुढे ओढली जाते, हेडस्पेस वाढते. कधी उलटं होतं, नटाबरोबर बॅरलही फिरून आत जाते आणि हेडस्पेस कमी होते. म्हणून नट पूर्ण आवळल्यावर दोन्ही गेज पुन्हा घाला. आवळण्याआधीची तपासणी तपासणी नव्हेच. रीकॉइल लग (नटाखालची, धक्का झेलणारी पट्टी) वाकडा बसला नाही ना, तेही आवळतानाच बघा, नाहीतर नंतर सगळं पुन्हा सोडावं लागेल.

हँडल बोटांच्या टोकांनीच फिरवायचं. बोल्टचा कॅम (हँडल फिरवलं की बोल्टला पुढे रेटणारा उतार) प्रचंड जोर लावतो, तळहाताने दाबलंत तर नो-गोवरही बंद होईल आणि गेज खराब होईल ते वेगळंच.

रेंजवर एखादे अनुभवी गृहस्थ भेटतातच, 'गेज कशाला विकत घेतोस, नवं काडतूस घाल आणि बघ' म्हणणारे. ऐकू नका. .३०८च्या काडतुसाच्या लांबीतच ७ थाऊंची सूट असते, आणि तुम्ही ४ थाऊ मोजायला निघालात. शिवाय घरात टेबलावर जिवंत काडतूस? गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. गो गेजच्या बुडाला टेप लावून नो-गो बनवणं मला त्यामानाने मान्य आहे, टेपची जाडी मायक्रोमीटरने मोजली असेल तर. तरी माझं मत, एकाच कंपनीची जोडी घ्या. बॅरलवर एवढा खर्च केल्यावर तिथे काटकसर नको.

घाबरू मात्र नका. हेडस्पेस चुकली म्हणून बॅरल वाया जात नाही, नट सोडा आणि पुन्हा लावा. खरी मेहनत जुना नट निघताना होते. आटा तिरका चढला किंवा बॅरल अडखळत फिरली तर मात्र थांबा आणि गनस्मिथकडे न्या. लाज वाटून घेऊ नका, मलाही गनस्मिथने पाच मिनिटांत जे दाखवलं ते तासन्‌तास व्हिडिओ बघून कळलं नव्हतं.

पहिल्या गोळ्या फॅक्टरीच्याच, एकेक करून झाडा. प्रत्येक पुंगळी उचलून बघा. बुडापासून जरा वर चकाकती रेघ दिसली किंवा प्रायमर (बुडातली पेटवणारी टिकली) मागे सरकून बाहेर आलेला दिसला, तर त्या दिवशीचा नेम तिथेच संपला. आत वाकवलेली तार फिरवून पाहा; त्या रेघेशी खाच लागली तर पुंगळी तुटायच्या बेतात आहे. रायफल घरी न्या आणि पहिल्यापासून मोजा, इजेक्टर काढून.