जपानला पहिल्यांदा जाताना: सहल इतिहासाच्या क्रमाने आखा

मे महिन्यात आम्ही दोघं जपान करून आलो. तेव्हापासून सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मैत्रिणी मागे लागल्यात, "काय काय बघायचं ती यादी दे की." यादी कुठेही मिळते. मी सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आणि यांचं तरुणपण तालमीत गेलं. आम्हा दोघांना मनासारखी सहल कशी आखता आली, ते सांगते.

सुरुवातीला एका एजंटाने आठ दिवसांत सात शहरांचा कार्यक्रम दिला होता. तो बाजूला ठेवला आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर दोन रकाने आखले. डावीकडे जपान, उजवीकडे आपण. 710 साली नारा राजधानी झालं. 794 ला राजधानी क्योतोला गेली आणि 1868 पर्यंत सम्राट तिथेच राहिले. 1603 ला तोकुगावा इएयासू शोगुन, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य चालवणारा सेनापती, झाला आणि कारभार एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, चालू लागला. उजव्या रकान्यात 1660 चा पन्हाळ्याचा वेढा, 1674 चा राज्याभिषेक. हा कागद चार दिवस स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. नावं अनोळखी असतात, पण आपल्या सालांशेजारी बसली की लक्षात राहतात.

त्याच क्रमाने मुक्काम ठरवले: नारा दोन रात्री, कोयासान या मठांच्या गावी एक, क्योतो पाच, टोकियो चार. लोक टोकियोला उतरून मागे मागे जातात, मग शतकांचा गोंधळ डोक्यात घेऊन परततात. तुम्ही तिकीट काढताना ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरायचं आणि टोकियोहून परतायचं असं काढा. मुंबईहून वाटेत एकदा विमान बदलावं लागतं, पण जपानात उलटा प्रवास वाचतो. महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालात तर मुंबईत सकाळी पोचता. विमान रात्रीचं असेल तर घाई होत नाही.

महिना ठरवताना आपल्या सुट्ट्या बघून चालत नाही, त्यांच्याही बघाव्या लागतात. 29 एप्रिल ते 5 मे हा त्यांचा ‘गोल्डन वीक’; अख्खा देश फिरायला बाहेर पडतो. ऑगस्टच्या मध्याला ओबोन, म्हणजे पितरांचे दिवस, तेव्हाही तेच. जून-जुलैत पाऊस. मार्चअखेर चेरीचा बहर आणि नोव्हेंबरात लाल पानं सुंदर खरीच, पण खोल्या महाग आणि गर्दी फार. म्हणून आम्ही 8 मेला निघालो. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात शोसोइन नावाच्या प्राचीन भांडारातला खजिना वर्षातून एकदाच, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला, थोडे दिवस मांडतात. त्या तारखा आधी बघा आणि मग तिकीट काढा.

व्हिसाचं थोडक्यात. पर्यटनासाठी आता ई-व्हिसा मिळतो. बँकेचं स्टेटमेंट, आयकराचे कागद आणि दिवसवार कार्यक्रम तयार ठेवा. तो व्हिसा विमानतळावर फोनवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो; फोटो काढून ठेवलेला चालत नाही. म्हणून उतरल्या उतरल्या फोनला नेट हवंच.

आता नाराबद्दल, कारण तिथे घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. तोदाइ-जी मंदिरातली ब्राँझची बुद्धमूर्ती साधारण 15 मीटर उंच आहे. 752 साली तिचं नेत्रोन्मीलन झालं. ते कुणी केलं? बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे मूर्तीचे डोळे सगळ्यांनी मिळून उघडले. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेला गाव कसं जमतं ते पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मी त्या मूर्तीसमोर पाऊण तास उभी होते. बाहेर हरणं बिस्किटं मागत फिरतात, मुलांना तीच आवडतील. पण आधी आत जा.

पहिल्या खेपेला जाणाऱ्याने घरचा एक धागा धरून जावं, हे माझं ठाम मत आहे. माझा धागा देवांचा होता. आपले किती देव बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेले, हे मला जाण्याआधी थोडंच ठाऊक होतं. सरस्वती तिथे बेंझाइतेन, महाकाल दाइकोकुतेन, इंद्र ताइशाकुतेन, ब्रह्मदेव बोन्तेन. आणि आपली लक्ष्मी किचिजोतेन! अंबाबाईच्या गावच्या बाईला एवढं कळलं की मग पाय आपोआप वळतात. क्योतोच्या तो-जी मंदिराच्या व्याख्यानगृहात ब्रह्मदेव चार हंसांवर बसलाय आणि इंद्र हत्तीवर. हंस बघून मी "अहो, इकडे या" म्हणून यांना हाक मारली ती जरा मोठ्यानेच. सान्जुसांगेन्दोत करुणेची देवता कान्नोनच्या 1,001 मूर्ती रांगेत उभ्या आहेत, पण पुढच्या ओळीतले अठ्ठावीस रक्षक सावकाश बघा. त्यात बासरी वाजवणारा गरुड आहे. फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे बघणं नीट होतं. टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामा मंदिरात गणपतीचं जपानी रूप आहे. मूर्ती दाखवत नाहीत, आणि नैवेद्याला मुळा वाहतात. आम्हीही वाहिला.

देवळात वागायचं कसं ते घरूनच शिकून जा. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या देवस्थानात, जिथे तोरी नावाची कमान असते, तिथे आधी पाण्याने डावा हात, मग उजवा, मग चूळ. देवापुढे दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळी वाजवायची नाही, नुसते हात जोडायचे. दानपेटीत पाच येनचं नाणं टाकतात, कारण ‘गो-एन’ म्हणजे पाच येन आणि ‘गो-एन’ म्हणजेच ऋणानुबंध. पहिल्याच मोठ्या देवळात गोशुइन्चो नावाची वही घ्या. प्रत्येक ठिकाणी तिच्यात काळ्या शाईने सुलेखन करून वर लाल शिक्के मारून देतात, बहुतेक ठिकाणी तीनशे ते पाचशे येन पडतात. लिहिणाऱ्याचा हात एकदा जवळून बघाच. कुंचला कागदाला टेकण्याआधी तो क्षणभर थांबतो, मग एका दमात अक्षर उतरतं, आणि शेवटी पान डागाळू नये म्हणून मध्ये टिपकागद घालून वही दोन्ही हातांनी परत देतो.

पादत्राणं पटकन काढता-घालता येतील अशी हवीत, दिवसातून दहा वेळा काढावी लागतात. मोजे स्वच्छ आणि न फाटलेले.

जेवणाची काळजी खरी आहे. मी माळकरी. तिकडे भाजीच्या रश्शातसुद्धा दाशी, म्हणजे माशाचं पाणी असतं. ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. मांस, मासे, दाशी काहीच नको असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. भडंग आणि कोरडी चटणी बंद पाकिटातली न्या. मांसाचा कुठलाही पदार्थ, ताजी फळं, ताज्या मिरच्या नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

पोटभर आणि निर्धास्त जेवले ते कोयासानला. कुकाई नावाच्या आचार्याने 816 साली डोंगरावर वसवलेलं हे मठांचं गाव. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई रेल्वे आणि शेवटी केबल कार. मठातच राहायचं, जेवण पूर्ण शाकाहारी: तिळाचा तोफू, सुकवलेला कोया तोफू, लोणची, भात. संध्याकाळी जेवण लवकर आणि पहाटे प्रार्थनेला उठायचं. ओकुनोइनच्या दफनभूमीत उंच जपानी देवदारांखाली दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत. पुष्कळ समाध्या पाच दगडांच्या: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यांवर खालून वर अ, व, र, ह, ख ही बीजाक्षरं कोरलेली, आपल्या नागरीची नातलग असलेल्या सिद्धम् लिपीत. शेवाळ बोटाने हलकेच चाचपत मी ती अक्षरं शोधत होते. या एका रात्रीसाठी टोकियोतली एक रात्र कमी करा, चालेल.

क्योतोत गर्दी फार. कियोमिझु-देरा मंदिर सकाळी सहाला उघडतं, फुशिमी इनारी देवस्थान चोवीस तास खुलं असतं. दोन्हीकडे उजाडतानाच पोचा. दुपार निजो किल्ल्याला द्या. तिथल्या लाकडी पट्ट्या पावलाखाली पाखरासारख्या वाजतात, आणि 1867 ला शेवटच्या शोगुनने सत्ता सम्राटाला परत करण्याची घोषणा तिथेच केली. एक दिवस हिमेजीचा. 1609 ला पुरा झालेला हा पांढरा किल्ला पन्हाळा चढलेल्या माणसाने चुकवू नये. वाट मुद्दाम फिरवून दारांमागून दारं घातलीत, आणि भिंतीत जंग्या आहेत: गोल, त्रिकोणी, चौकोनी. हे प्रत्येक जंगीला डोळा लावून बघत होते.

रेल्वेचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर 2023 ला 50,000 येन झाला. क्योतो ते टोकियो बुलेट ट्रेन साधारण 14,000 येनला पडते, त्यामुळे आमच्यासारख्या मार्गाला पास परवडत नाही. सुटी तिकिटं काढा. लोकल आणि बससाठी सुइका किंवा इकोका कार्ड. मोठ्या बॅगा कुरिअरने पुढच्या हॉटेलात पाठवता येतात. देवळांत रोख लागते. संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. टोकियोच्या उएनोतलं राष्ट्रीय संग्रहालय सोमवार टाळून ठेवा.

शेवटचा दिवस यांचा. सुमोच्या वर्षाला सहा स्पर्धा, प्रत्येकी पंधरा दिवसांच्या: जानेवारी, मे, सप्टेंबर टोकियोत, मार्च ओसाका, जुलै नागोया, नोव्हेंबर फुकुओका. तिकिटं साधारण महिनाभर आधी निघतात, शनिवार-रविवार सोडून मधला वार धरा. सकाळपासून लहान गटांच्या कुस्त्या चालतात, मोठे पैलवान दुपारी चारच्या सुमारास येतात. आम्ही दुपारी बारालाच जाऊन बसलो. रिंगणाचा व्यास 4.55 मीटर, वर देवळासारखं टांगलेलं छप्पर, आणि लढतीआधी मूठभर मीठ उधळायचं. खासबागेत वाढलेल्या माणसाला मातीला मान देणं शिकवावं लागत नाही. "आपली माती ताक-हळद घालून मऊ केलेली, ही फरशीगत टणक हाय," हे म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. जिंकलेला पैलवान ना ओरडला, ना नाचला. वाकला, बक्षिसाचं पाकीट घेतलं, उतरला. वजनाचे गट नसतात, हे आधी माहीत असू द्या, म्हणजे बारीक गड्याने डोंगराएवढ्याला पाडलं की त्याची किंमत कळेल. सगळ्या लढती झाल्यावर एक पैलवान रिंगणात येऊन धनुष्य फिरवतो. लोक उठायला लागतात. तुम्ही उठू नका, ते संपेपर्यंत बसून बघा.